फुकट वर्गाचा भाव: भोर-वेल्ह्यात इंग्रजी संभाषण शिकवायचं तर किती खर्च येतो?

‘मी इंग्रजी बोलायला शिकवतो, पैसे नकोत,’ असं कोणी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, खर्चाचा विषय संपला. खरं तर तो तिथेच सुरू होतो. फी नाही म्हणजे खर्च नाही असं होत नाही. एस.टी.चं तिकीट, चहा, झेरॉक्स, फळा आणि गेलेला रविवार यांचे पैसे कोणीतरी भरतच असतं. बहुतेक वेळा शिकवणारा ते गुपचूप भरतो, आणि तीन महिन्यांनी गुपचूप यायचा थांबतो. म्हणून भोर किंवा वेल्हे परिसरात असा वर्ग सुरू करायचा विचार असेल, तर आधी कागद-पेन घेऊन बसा. हा लेख त्या कागदासाठी आहे.

इथे विषय नवशिक्यांच्या वर्गाचा नाही. ज्यांना इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, ऐकलेलं बरंचसं कळतं, पण चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की जीभ जड होते, अशा प्रौढांचा आहे. त्यांच्यासाठी स्वयंसेवक म्हणून काम करायला काय लागतं, किती लागतं आणि कुठे पैसे वाया जातात, ते पाहू.

शिकणारे कोण?

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत बसलेलं मूल आज तिशी ओलांडून गेलंय. म्हणजे भोरच्या बाजारपेठेतला तिशीच्या आतला जवळजवळ प्रत्येक शिकलेला तरुण दहा-बारा वर्षं इंग्रजीच्या तासाला बसलेला आहे. त्याच्याआधीच्या पिढीचं इंग्रजी पाचवीपासून आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या वळणाचं. दोन्ही पिढ्यांकडे शब्द आहेत, नियमही आहेत. बोलण्याचा सराव मात्र कोणीच दिला नाही.

प्रत्यक्षात वर्गाला येऊ शकतील अशी माणसं कोण, ते पाहा. शिरवळच्या किंवा खेड शिवापूरच्या कारखान्यात सुपरवायझर झालेला, पण परदेशी ऑडिटर आला की मागच्या रांगेत उभा राहणारा इंजिनिअर. जिल्हा परिषद शाळेतल्या बाई. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीची तयारी करणारी मुलगी. निवृत्त फौजी. दवाखान्यातली सिस्टर. आणि २०२५पासून आणखी एक गट: गडावर माणसं नेणारे वाटाडे आणि घरगुती मुक्कामाची सोय करणारी कुटुंबं. त्या वर्षी जुलैत ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात राजगड आहे. त्यामुळे गडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याच्या पोराला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या मराठीत पाठ असून आता भागणार नाही. संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी का बांधली, हे परक्या पाहुण्याला समजेल असं सांगता आलं पाहिजे.

वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय राज्य सरकारने २०२४मध्ये घेतला. बोलताना लोक अजून वेल्हंच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवलंय.

वर्गात कोणाला घ्यायचं?

‘प्रगत’ या शब्दाला माप हवं. युरोपात ठरलेली आणि आता जगभर वापरली जाणारी एक पट्टी आहे: ए-१पासून सी-२पर्यंत सहा पायऱ्या. आपला वर्ग बी-२ आणि सी-१ या पायऱ्यांचा. ओळखायला परीक्षा नको, तीन मिनिटं पुरतात. समोरच्याला सांगा, ‘कामात तुमच्याकडून एक चूक झाली आहे. ती साहेबांना इंग्रजीत सांगा आणि पुढे काय करणार तेही सांगा.’ अडखळत का होईना, मराठीचा आधार न घेता तीन मिनिटं निभावली तर तो तुमचा विद्यार्थी. दोन वाक्यांत गाडी थांबली तर त्याला आधीचा वर्ग हवा. त्याला नाही म्हणायला संकोचू नका. एकाच वर्गात दोन पातळ्या बसवल्या की वरचे कंटाळतात आणि खालचे लाजतात.

संख्या आठ ठेवा. चार जोड्या होतात, आणि दोघं आली नाहीत तरी वर्ग भरतो.

जागा आणि वेळ

जागेला बहुधा पैसे पडत नाहीत, परवानगी पडते. गावात समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीचा हॉल असतो. त्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोघांशी बोला, एकट्या सरपंचाशी नको. शाळेची खोली हवी असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांना दोन ओळींचं पत्र द्या: वर्ग कोणासाठी, किती वाजता, किल्ली कोणाकडे, झाडलोट कोणाची. तोंडी होकारावर वर्ग सुरू करू नका. एकदा मीच तोंडी होकारावर विसंबून आठ जणांना बोलावलं आणि सगळे तासभर कुलूप लावलेल्या दाराबाहेर उभे राहिले. पुढच्या खेपेला पाचच आले.

भोर शहरात वाचनालयाची किंवा महाविद्यालयाची खोली मिळण्यासारखी असते. इथल्या अनंतराव थोपटे महाविद्यालयासारख्या ठिकाणी इंग्रजी विषयाच्या प्राध्यापकांना आधी भेटलं तर विद्यार्थीही मिळतात आणि जागाही. वेल्ह्याकडे ज्ञान प्रबोधिनीचं ग्रामीण काम अनेक वर्षांचं आहे. अशा रुळलेल्या संस्थेशी आधी बोललात तर गावाला तुमची ओळख पटवून द्यायला वेगळी खटपट करावी लागत नाही.

वेळ ठरवताना शहरातलं कॅलेंडर घरी ठेवा. हा भाताचा मुलूख आहे. जुलैत लावणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी, या दोन्ही काळात वर्ग भरत नाही, भरवूही नये. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा आणि लग्नं. जत्रा-लग्नांचे मोजके दिवस सोडून कापणीनंतर सुरुवात केली तर पावसाच्या तोंडापर्यंत २४ वर्ग बसतात. कारखान्यातल्या सगळ्यांची सुट्टी रविवारीच असते असं नाही. शिफ्ट विचारून घ्या. बायकांना घरी पोहोचवणारी शेवटची एस.टी. किती वाजता, यावर वर्ग संपायची वेळ ठरते. तुमच्या सोयीवर नाही.

प्रवासाचा हिशेब

शिकवणारा गावातलाच असेल तर हा भाग सोडून द्या. पुण्याहून येणार असाल तर सगळ्यात मोठा आकडा इथे आहे.

एस.टी.: स्वारगेट ते भोर अंतर साधारण ५०-५५ किलोमीटर. एस.टी.चं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजतात आणि जानेवारी २०२५च्या दरवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण दहा रुपये पडतात. म्हणजे भोरला एका वेळचे ९०च्या आसपास आणि वेल्ह्याला १००-११०. महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांनाही निम्मं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. निवृत्त शिक्षिका बाईंना भोरची जाऊन-येऊन फेरी ९० रुपयांत पडते. त्या भाड्यात पुण्यात रिक्षा फार लांब जात नाही.

दुचाकी: भोर जाऊन-येऊन १०४ किलोमीटर धरा. गाडी ४५चं ॲव्हरेज देत असेल तर सव्वादोन लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे २४० रुपये. वेल्ह्याला १२० किलोमीटर, २८० रुपये. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगचा किलोमीटरला एक रुपया वेगळा धरा. लोक हा रुपया विसरतात आणि वर्षअखेरीला गॅरेजवाल्यावर चिडतात. दुचाकीला टोल नाही.

कार: १५चं ॲव्हरेज धरलं तर भोरला सात लिटर, म्हणजे सव्वासातशे रुपये. किलोमीटरला तीन रुपये झीज धरली तर आणखी ३१२. शिवाय महामार्गाने गेलात तर खेड शिवापूरचा टोलनाका. २४ तासांत परतलात तर जाण्या-येण्याचा मिळून दीडपट टोल कापला जातो. खासगी कारसाठी ऑगस्ट २०२५मध्ये ३,००० रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास सुरू झाला: एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. जाहिरातीत हे फेरीला १५ रुपये दिसतात. पण २४ वर्गांसाठी तुम्ही नाका ४८ वेळाच ओलांडणार. एवढ्याचसाठी पास काढलात तर फेरी पडते ६२ रुपयांना. सातारा-कोल्हापूरला जाणं-येणं असेल तर पास आणखी फायद्याचा.

भोरला जायचं तर महामार्गावर कापूरहोळला वळायचं, वेल्ह्याला जायचं तर नसरापूरजवळ चेलाडी फाट्याला. खडकवासला-खानापूरवरून पाबे घाटाने वेल्ह्याला उतरलात तर टोल लागत नाही, पण पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की वर्गाची वेळ हुकलीच म्हणून समजा.

इतर खर्च

पांढरा फळा, तीन बाय दोन फूट: ८०० रुपये. मार्कर आणि डस्टर: १५०. हे एकदाच. चहा नऊ जणांचा, दहा रुपये कपाने ९०. झेरॉक्स २० रुपये. त्याहून जास्त लागत असेल तर तुम्ही संभाषण नाही, व्याकरण शिकवताय. बाहेरगावाहून येणाऱ्याचं जेवण १२०. एस.टी.ने येणाऱ्याला घर ते स्वारगेट जाऊन-येऊन आणखी ४०.

चार हिशेब, २४ वर्गांचे

पहिला: गावातलाच शिकवणारा. चहा आणि झेरॉक्स मिळून आठवड्याला ११०. चोवीस आठवड्यांचे २,६४०, अधिक फळा वगैरे ९५०. एकूण ३,५९०.

दुसरा: पुण्याहून एस.टी.ने भोरला, पूर्ण तिकीट काढून. आठवड्याला ४५०. एकूण ११,७५०.

तिसरा: पुण्याहून दुचाकीने वेल्ह्याला. आठवड्याला ६३०. एकूण १६,०७०.

चौथा: पुण्याहून एकट्याने कारने भोरला, टोलचा पास धरून. एकूण ३४,३५८.

पाचवा मार्ग आहे तो मधला: अठरा वर्ग मोबाइलवर आणि महिन्यातून एकदा, म्हणजे सहा वर्ग प्रत्यक्ष. एस.टी.ने सहा फेऱ्यांचे २,७०० आणि वर थोडे. पण त्यात दोन अडचणी. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत तुटते, आणि गूगल मीटवर गटाची ६० मिनिटांत. आणि धरणांच्या पाणलोटाकडच्या, घाटाखालच्या गावांत रेंज कुठल्या दगडावर येते हे गावकऱ्यांनाच ठाऊक. सहा जण दिसतात, दोघांचा आवाज येतो, एकाची म्हैस येते. पहिले चार वर्ग तरी समोरासमोर घ्या. एकमेकांची लाज मोडल्यावर मोबाइल चालतो.

दर बदलतील तसे आकडे बदला, रीत तीच ठेवा. आणि पैशांबरोबर तासही मांडा. दीड तासाचा वर्ग, चार तास प्रवास, तासभर तयारी, अर्धा तास टिपणं: आठवड्याला सात तास. चोवीस आठवड्यांचे १६८, म्हणजे आठ तासांचे २१ कामाचे दिवस. हे घरी आधी सांगून ठेवा.

खरा भाव मिनिटाचा

आता वरचे आकडे बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: या पैशांत विद्यार्थी किती मिनिटं बोलला?

दीड तासाच्या वर्गात शिकवणारा तासभर बोलला, तर आठ जणांना मिळून उरली ३० मिनिटं. चोवीस वर्गांत ७२०. त्याऐवजी तासभर जोड्या करून बोलायला लावलं, तर एका वेळी चार जोड्यांत चार जण बोलत असतात: तासाला २४० मिनिटं, चोवीस वर्गांत ५,७६०.

आता भागाकार करा. एस.टी.वाल्याचा खर्च ११,७५०. भाषण दिलं तर विद्यार्थ्याच्या बोलण्याचं एक मिनिट पडतं १६ रुपयांना; जोड्या केल्या तर दोन रुपयांना. कारवाल्याने जोड्या केल्या तर सहा रुपये, भाषण दिलं तर ४८. आणि गावातल्याच, एक रुपया प्रवासखर्च नसलेल्या गुरुजींनी भाषण दिलं तर पाच रुपये.

म्हणजे घरापासून दोन पावलांवर बोलत बसणारा शिक्षक विद्यार्थ्याला जवळजवळ तेवढाच महाग पडतो, जेवढा पुण्याहून कारने येऊन गप्प बसणारा. या कामात काटकसर पेट्रोलमध्ये फारशी होत नाही. ती शिकवणाऱ्याच्या तोंडात होते.

दीड तास कसा वापरायचा

पहिली दहा मिनिटं चहा आणि आठवड्यातली एक बातमी, इंग्रजीत. मग विषय द्या, जोड्या करा, दर वीस मिनिटांनी जोड्या बदला. तुम्ही वही घेऊन मागे फिरा, ऐका, चुका लिहून घ्या. मध्ये टोकू नका. शेवटची वीस मिनिटं त्या चुका नावाशिवाय फळ्यावर लिहा आणि कोणी दुरुस्त करायचं ते वर्गालाच ठरवू द्या. पन्नाशीच्या फौजी काकांना पंचविशीच्या मुलीसमोर ‘चुकलात’ म्हणालात, तर काका पुढच्या आठवड्यात येणार नाहीत.

विषय इथलेच द्या, पुस्तकातले नकोत. भाटघरचं धरण १९२८मध्ये पूर्ण झालं. धरण आमच्या उशाला आणि पाणी कालव्यांनी पार इंदापूर-फलटणकडे, हे न्याय्य आहे का? दोन बाजू घेऊन भांडा. भोरच्या राजवाड्यात सिनेमाचं शूटिंग असतं. गावाने त्याचे पैसे मागावेत का? पाहुणा गडावर प्लॅस्टिक टाकतोय, त्याला न दुखावता कसं सांगाल? ऑडिटरला मशीन बंद का पडलं ते समजावा. माणूस ज्या विषयावर मराठीत तावातावाने बोलतो, त्यावरच त्याचं इंग्रजी सुटतं.

ऐकण्यासाठी पैसे लागत नाहीत. बीबीसी लर्निंग इंग्लिशचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ आणि ब्रिटिश कौन्सिलचं ‘लर्न इंग्लिश’ दोन्ही मोफत आहेत. केंब्रिज आणि ऑक्सफर्डचे इंटरनेटवरचे कोशही मोफत, आणि त्यांत शब्द ऐकताही येतो. वर्गाआधी एक भाग ऐकून यायला सांगा, वर्गात लावू नका. वर्गातली मिनिटं महाग आहेत.

मराठी माणसाच्या प्रगत चुका

या पातळीवरचे विद्यार्थी ‘ही गो’ म्हणत नाहीत. त्यांच्या चुका मराठीच्या खोलातून येतात. त्या ओळखता येणं हाच मराठी शिकवणाऱ्याचा फायदा, आणि तो परदेशातून आणता येत नाही.

‘च’चा ‘ओन्ली’: ‘मी तिथेच राहतो’ म्हणून ‘आय लिव्ह देअर ओन्ली’. इंग्रजीत हा जोर आवाजाने द्यायचा असतो, शब्दाने नाही.

सख्खा भाऊ: ‘माय रिअल ब्रदर’. ऐकणाऱ्याला वाटतं, बाकीचे भाऊ खोटे आहेत.

परवा: आपला परवा मागेही जातो आणि पुढेही. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळे वाक्यखंड लागतात, आणि घाईत माणूस एकच वापरतो. बैठकीची तारीख चुकायला एवढं पुरतं.

होकार-नकार: ‘गेला नाहीस का?’ ‘हो, नाही गेलो,’ असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत ‘यस’ म्हटलं की गेलो असा अर्थ होतो. फोनवर हा घोटाळा फार होतो. नर्स आणि सुपरवायझर यांच्याकडून मुद्दाम घोटून घ्या.

आदर: मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटीला असतो: दे, द्या, द्यावं. इंग्रजी क्रियापदाला ती शेपटी नाही. म्हणून ‘अहवाल द्या’ मनात नम्र असतं आणि ‘गिव्ह मी द रिपोर्ट’ म्हणून उद्धट बाहेर पडतं. इंग्रजीत नम्रता वाक्याच्या तोंडाशी ठेवावी लागते: ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’.

येतो: निघताना ‘येतो’ म्हणायची आपली रीत. तेच ‘आय ॲम कमिंग’ म्हणून दारातून बाहेर पडलात तर यजमान दार उघडं ठेवून वाट बघत बसतो.

उच्चारात दोनच गोष्टींवर वेळ घाला. एक, आघात. मराठीत आघाताने शब्द बदलत नाही, इंग्रजीत बदलतो: ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर आणि ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. दोन, ‘व’ आणि ‘व्ह’: ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम, ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन. बाकी मराठी वळण राहू द्या. लंडनचा उच्चार कोणी मागितलेला नाही.

फी घ्यावी का?

फी नको, वाटा हवा. आठ जणांनी वर्गाला वीस रुपये डब्यात टाकले तर १६० होतात. चहा-झेरॉक्स भागून ५० उरतात, ते तिकिटाला. चोवीस वर्गांचे माणशी ४८० रुपये. डबा आणि वही विद्यार्थ्यांपैकीच एकाकडे द्या, हिशेब महिन्याला फळ्यावर लिहा. ज्याला वीस जड आहेत त्याने चहा करावा, कुलूप उघडावं. तोही वाटाच, आणि तो वहीत तसाच मांडा.

यात उत्पन्नापेक्षा हजेरी महत्त्वाची. पदरचे वीस रुपये टाकणारा माणूस ‘आज जमणार नाही’ हे आधी कळवतो. आणि शिकवणाऱ्याच्या डोक्यावर उपकाराचा भार राहत नाही, शिकणाऱ्याच्याही.

करसवलतीची आशा ठेवू नका. देणगीची वजावट पात्र संस्थेला दिलेल्या पैशांवर असते, दिलेल्या वेळेवर किंवा जाळलेल्या पेट्रोलवर नाही. देणगी दोन हजारांवर असेल तर रोख देऊनही चालत नाही, आणि नवीन करप्रणालीत ही वजावटच नाही.

कशावर खर्च करू नये

सेल्टासारख्या शिक्षक-प्रशिक्षणावर लगेच उडी मारू नका. केंब्रिजचा तो अभ्यासक्रम किमान १२० तासांचा, त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवण्याचे, आणि खर्च लाखाच्या वर. नोकरी करायची असेल तर उपयोगाचा; आठवड्याच्या एका वर्गासाठी नाही.

छापील कोर्सचे संच, प्रोजेक्टर, प्रमाणपत्रांचे कागद, उद्घाटनाचा हार-नारळ: यांतलं काहीही बोलण्याचं एक मिनिटसुद्धा वाढवत नाही.

कोणाला आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असेल तर त्याचा खर्च आधीच सांगा: परीक्षेची फीच १८ हजारांच्या घरात आहे. तोंडी भाग ११ ते १४ मिनिटांचा; मधल्या टप्प्यात एका मिनिटाच्या तयारीवर दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं असतं. हा सराव तुमच्या वर्गात फुकट होतो. पण परीक्षेची गरज नसलेल्या सातांना एका परीक्षार्थीच्या मागे ओढू नका.

सुरू करण्याआधी

एका पानावर सहा गोष्टी लिहा. वर्गाची जागा आणि किल्ली कोणाकडे. वार, वेळ आणि शेवटच्या एस.टी.ची वेळ. आठ नावं, तीन मिनिटांच्या चाचणीनंतरची. तुमचा आठवड्याचा खर्च आणि तो कोण भरणार. तुम्ही आजारी पडलात तर वर्ग कोण घेणार; याचं उत्तर ‘कोणी नाही’ असेल तर विद्यार्थ्यांपैकीच दोघांना चौथ्या वर्गापासून जोड्या लावायला आणि चुका टिपायला शिकवा. बोलायला शिकण्याची ती सगळ्यात चांगली जागा आहे, आणि वर्ग तुमच्यावाचून चालू शकतो.

सहावी गोष्ट म्हणजे चोविसाव्या वर्गाची तारीख. पहिल्या वर्गाची तारीख सगळेच सांगतात. शेवटची पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिणारे थोडे. हौशीने आलेले आणि भाताबरोबर नाहीसे झालेले शहाणे लोक या भागाने पुष्कळ पाहिलेत. म्हणून दीड तास संपवून निघताना तुम्ही ‘येतो’ म्हणालात, तर गाव ते निरोपासारखं ऐकतं आणि मनात वचनासारखं तपासतं. वर्गात या शब्दाचं इंग्रजी बिनचूक शिकवा. दारातून बाहेर पडताना मात्र मराठीतच म्हणा, आणि पुढच्या रविवारच्या तिकिटाचे ९० रुपये बाजूला काढून ठेवा.